मुरवलेला पुएर चहा : चकती, साठवण आणि खरेदी

उंबरठा

इथल्या चहाच्या धाग्यांवर पुएरचं नाव अधूनमधून निघतं, 'तो बुरशीवाला चिनी चहा ना?' असं कुणीतरी विचारतं आणि गाडी पुन्हा आलं-वेलदोड्यावर येते. म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी ठाण्यात राहते आणि गेली काही वर्षं रोज हाच चहा पिते. पुएरबद्दल जे काही बोललं-लिहिलं जातं त्यात सगळा भर वयावर असतो. वीस वर्षं जुना, तीस वर्षं जुना, आणि त्या मानाने किंमत. मला हे पटत नाही. नुसत्या वयावरून चहाबद्दल फारसं काही कळत नाही. ती वर्षं त्याने कुठल्या गावात, कसल्या हवेत काढली हे आधी विचारायला हवं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. चीनच्या नैर्ऋत्येला युन्नान प्रांत आहे, ब्रह्मदेश, लाओस आणि व्हिएतनामला लागून. तिथे मोठ्या पानाचं चहाचं झाड होतं. शास्त्रीय नावात त्याचा पोटप्रकार आसामिका, म्हणजे आपल्या आसामच्या मळ्यांतला चहा त्याच कुळातला. शीश्वांगबान्ना, पुएर आणि लिनचांग हे तिथले मुख्य टापू. छिंग राजवटीत, १७२९ साली, पुएर हे जिल्ह्याचं ठाणं झालं, आजूबाजूच्या डोंगरांतला चहा तिथून पुढे जाऊ लागला आणि त्याला नावही तेच चिकटलं. (आज नकाशावर पुएर म्हणून जे मोठं शहर दिसतं त्याचं नाव २००७ पर्यंत सिमाओ होतं.) चीनच्या २००८ च्या मानकाप्रमाणे युन्नानमधल्या मोठ्या पानाचा, उन्हात वाळवलेला चहा घेऊन केलेल्या मालालाच पुएर म्हणता येतं.

'उन्हात वाळवलेला' हे महत्त्वाचं. पानं खुडली की थोडी सुकवतात आणि मोठ्या कढईत हाताने परततात. हिरव्या चहात ही आच कडक असते, पानातली विकरं जवळजवळ संपून जातात. पुएरसाठी आच बेताची ठेवतात, मग पानं मळतात आणि उन्हात पसरतात. त्यामुळे पानात थोडी धुगधुगी उरते आणि पुढे वर्षानुवर्षं ते बदलत राहतं. भट्टीच्या गरम हवेवर वाळवलेला माल पहिल्या वर्षी जास्त सुगंधी लागतो, पण ठेवला की मिळमिळीत होतो. घेताना हे कुणी सांगत नाही.

वाळलेल्या सुट्या पानाला माओछा म्हणतात. तो तोलून पत्र्याच्या नळकांड्यात भरायचा, खालून काही सेकंद वाफ द्यायची, पानं मऊ झाली की कापडी पिशवीत घालून पिशवीचं तोंड पिळून गाठ मारायची आणि वर दगडी साचा ठेवायचा. माणूस त्या दगडावर उभा राहून अंगाच्या भाराने डोलत डोलत दाबतो. तुमच्याकडे चकती असेल तर पालथी करून बघा, मधोमध एक खळगा दिसेल. तो त्या कापडाच्या गाठीचा ठसा. पारंपरिक चकती ३५७ ग्रॅमची असते. अशा सात चकत्या एकावर एक रचून बांबूच्या कोंबावरच्या वाळक्या सालीत बांधतात, आणि असे बारा गठ्ठे मिळून एक पेटी होते. म्हणजे ८४ चकत्या, साधारण ३० किलो. वाटीच्या आकाराचा 'थुओछा', विटा, छोट्या गोळ्या हेही प्रकार आहेत.

आता मुख्य फरक. एक 'शंग' म्हणजे कच्चा : माओछा सरळ दाबला आणि ठेवून दिला. नवा असताना तो पिवळसर हिरवा, कडू आणि चांगलाच तुरट लागतो, मात्र घोट गेल्यावर घशात गोडवा परत येतो. वर्षं जातील तसा तो नारिंगी, मग लालसर होतो, कडूपणा उतरतो आणि चवीत सुकामेवा, लाकूड, कधी कापूर येतो. दुसरा 'शोऊ' म्हणजे पिकवलेला : हा कारखान्यातच ढीग घालून काही आठवड्यांत मुरवतात. रंग काळा कुळकुळीत, चव मऊ, मातकट, तुरटपणा नावालाच.

कोण कोण पितं, कुठून आणता, कसा ठेवता, ते लिहा.

गवतीपात

छान ओळख. पण शोऊ काही आठवड्यांत तयार होतो म्हणजे नक्की काय करतात? मला तरी हे 'कुजवणं' आणि 'मुरवणं' यांच्यामधली रेघ दिसली नाही.

उंबरठा

रेघ आहे, आणि ती माणसाच्या देखरेखीवर उभी आहे.

हाँगकाँगच्या गिऱ्हाइकाला मुरलेला, गडद चहा हवा असायचा. कच्चा शंग तसा व्हायला कित्येक वर्षं लागतात, म्हणून तिथले आणि शेजारच्या क्वांगतोंग प्रांताचे व्यापारी चहाला ओल देऊन तो लवकर गडद करायचे. १९७३ साली युन्नानमधली काही मंडळी हे शिकायला क्वांगतोंगला गेली आणि परतल्यावर खुनमिंगच्या सरकारी चहा कारखान्यात प्रयोग सुरू झाले. वू छीयिंग या बाईंचं नाव या कामाशी जोडलेलं आहे. मेंगहाईच्या कारखान्यानेही हे तंत्र उचललं, आणि १९७५ च्या सुमारास ते बऱ्यापैकी बसलं. त्याला 'वोतुई' म्हणतात, म्हणजे ओला ढीग.

काही टन माओछाचा फरशीवर साधारण कमरेइतका उंच ढीग घालतात, वरून पाणी शिंपडतात आणि कापडाने झाकतात. दोन-चार दिवसांत ढीग आतून तापायला लागतो. ही उष्णता बाहेरून दिलेली नसते. अ‍ॅस्परजिलस वर्गातल्या बुरश्या, यीस्ट आणि जिवाणू पानावर वाढतात, त्यांचीच ती ऊब. आतलं तापमान ५० ते ६५ अंशांत ठेवावं लागतं. त्याच्या वर गेलं तर पान करपून कोळशासारखं होतं, फार खाली राहिलं तर आंबूस वास धरतो. म्हणून ठरावीक दिवसांनी माणसं फावडी घेऊन अख्खा ढीग उलटतात, आतलं बाहेर, बाहेरचं आत, गुठळ्या फोडतात आणि लागलं तर पुन्हा पाणी मारतात. साधारण ४५ ते ६० दिवसांत पानातली तुरट कॅटेचिनं बरीच घटतात आणि गडद तपकिरी द्रव्यं तयार होतात. शोऊचा तो काळपट तांबडा रंग त्यांचाच. शेवटी ढिगात चर पाडून तो हळूहळू कोरडा करतात.

काही गुठळ्या इतक्या घट्ट होतात की फुटतच नाहीत. त्या वेगळ्या काढून 'लाओछाथोऊ' म्हणून विकतात. दिसायला खडे, पण एक चमचाभर खडे सबंध दुपार रंग देतात. माझ्या आवडीचा प्रकार.

ताज्या शोऊला मासळीसारखा वास येतो, तो या ढिगाचा. दोन-तीन वर्षं हवेशीर ठेवला की जातो. कुणी पहिल्यांदा पिऊन नाक मुरडलं असेल तर बहुधा असा नवा माल हाती आला असणार.

खाडीपलीकडे

मी हाँगकाँगला असतो, थोडी भर घालतो. इथे सकाळी घरची मंडळी मिळून 'यम चा'ला जातात. टेबलाशी बसलं की खाण्याच्या आधी चहा कुठला ते विचारतात. 'पो-लेई' म्हटलं की पुएरची किटली येते, बहुतेक ठिकाणी शोऊ. त्यात शेवंतीची वाळकी फुलं घालून हवा असेल तर 'कुकपो'. पहिलं पाणी कुणी पीत नाही, त्याने वाट्या आणि चॉपस्टिक्स खळबळून घेतात. सेंट्रलमध्ये लुक यू नावाचं १९३३ पासूनचं चहाघर आहे, तिथे जुनी माणसं पेपर वाचत अशीच किटली घेऊन बसलेली दिसतात. तळणीच्या आणि डुकराच्या मांसाच्या पदार्थांबरोबर हा चहा इतका जमतो की दुसरा सुचत नाही.

साठवणीबद्दल तुम्ही लिहिलंय ते इथे डोळ्यांना दिसतं. जुन्या व्यापाऱ्यांची गोदामं तळमजल्याला किंवा तळघरात असायची. समुद्राची दमट हवा, उन्हाळ्यात ऊब. तिथे कच्चा चहा काही वर्षं ठेवून मग कोरड्या, हवेशीर खोलीत हलवायचे आणि वास उडू द्यायचे. याला 'ओली साठवण' म्हणून नावं ठेवणारे पुष्कळ आहेत, पण नीट केलेली ओली साठवण हा इथला अस्सल प्रकार आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लपवतात ते बिघडलेला माल.

याच्या विरुद्ध टोकाचं उदाहरण '८८ छिंग'. हा मेंगहाई कारखान्याचा ७५४२ या क्रमांकाच्या मिश्रणाचा नेहमीचा माल, १९८९ ते १९९२ च्या आसपासचा. इथल्या एका व्यापाऱ्याने मोठ्या संख्येने घेऊन तो तळघरात न घालता कोरड्या जागी ठेवला. बाकीच्यांनी त्याच चकत्या ओल्या गोदामात घातल्या. आज कोरड्या ठेवलेल्या त्या चकत्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहे. कारखाना तोच, पाककृती तीच, वयही तेच.

उंबरठा

@खाडीपलीकडे, मला हेच म्हणायचं होतं, तुम्ही थेट उदाहरणच दिलंत. खुनमिंगची हवा उंचावरची आणि कोरडी, तिथे वीस वर्षं ठेवलेला शंग अजून बराच तरुण असतो : सुगंध टिकलेला, पण कडूपणाही टिकलेला. तेवढ्याच वर्षांचा हाँगकाँगचा चहा गडद, गोडसर, तळघराचा वास असलेला. मलेशियात ठेवलेला या दोन्हींच्या मधला, मला सगळ्यांत आवडतो. बारा महिने ऊब आणि दमटपणा, पण बहुतेक माल जमिनीच्या वर, हवेत ठेवलेला. विक्रेत्याला 'कुठे ठेवला होता?' हे विचारा. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून जुना माल घेऊ नका.

केशरमाड

मी रत्नागिरीजवळ राहतो. मुलीने सिंगापूरहून दोन चकत्या पाठवल्या, एक कच्ची, एक पिकलेली. कच्चीवर पांढरे पांढरे ठिपके दिसतात. ही बुरशी समजायची का? आणि आता पुढे पावसाळा आहे. आमच्याकडे जुलैत चामड्याच्या चपलेवरसुद्धा हिरवं येतं, तिथे हा चहा कसा टिकणार?

उंबरठा

काका, आधी ठिपक्यांचं. भिंग असेल तर घ्या, नसेल तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने जवळून बघा. चहाच्या कळीवर रुपेरी लव असते. ती वाळल्यावर पांढरी, चमकदार दिसते, टोकदार कळीच्या आकारातच असते आणि बोटाने पुसली जात नाही. तसं असेल तर चिंता नको, उलट कळ्या जास्त असलेला माल आहे. बुरशी पानाचा आकार धरत नाही. ती एका पानावरून दुसऱ्यावर जाळ्यासारखी पसरते, बोट लावलं की पावडर येते, आणि नाकाजवळ धरलं की कुबट वास येतो. हिरवी, काळी, पिवळी काहीही केसाळ दिसली तर चकती टाकून द्या. वरचं खरवडून, धुऊन पिऊ नका, ती आतपर्यंत गेलेली असते. (हुनानच्या 'फू' विटांमध्ये मुद्दाम वाढवलेले सोनेरी कण असतात, त्यांना तिथे सोनेरी फुलं म्हणतात. तो वेगळा चहा, ती ठरवून वाढवलेली बुरशी. पुएरवर पिवळं दिसलं तर ते 'सोनेरी फूल' समजून समाधान करून घेऊ नका.)

आता कोकणातला पावसाळा. पुएरला साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती सहज ८५ च्या वर असते, आणि त्या हवेत उघडी चकती ठेवणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. ठाण्यातही तेच. मी असं करते : मे महिन्यात, हवा गरम आणि त्या मानाने कोरडी असताना, चकत्या मूळ कागदासकट जाड चंदेरी पिशवीत घालून तोंड बंद करते. आत ६५ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पुडी टाकते, सतार-व्हायोलिनच्या पेटीत ठेवतात तशी, आणि जोडीला एक छोटा आर्द्रतामापक. या पिशव्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खोकं कपाटात, जमिनीपासून वर. पावसाळ्यात पिण्यापुरता चहा आधीच फोडून वेगळ्या डब्यात काढलेला असतो, म्हणजे मोठी पिशवी उघडावी लागत नाही. दिवाळीच्या सुमारास पिशव्या उघडते आणि हिवाळाभर चकत्या नुसत्या कागदात, खोक्यात राहतात.

फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथे चहा मुरायचा थांबतो आणि बाहेर काढला की पाणी धरतो. उन्हात नको. आणि वासापासून लांब. आपल्या घरांत हा खरा प्रश्न आहे, कारण मसाल्याचा डबा, देव्हाऱ्यातली उदबत्ती, कापूर, कपाटातल्या डांबराच्या गोळ्या, सगळं याच्या आसपास असतं. चहा वास पटकन ओढून घेतो आणि सोडत नाही. शंग आणि शोऊसुद्धा एका पिशवीत ठेवू नका, शोऊचा वास कच्च्याला लागतो.

केशरमाड

लवच आहे. बोटाने निघाली नाही आणि प्रत्येक ठिपका कळीच्या आकाराचा आहे. जीव भांड्यात पडला. देव्हारा मात्र त्याच खोलीत आहे, तेव्हा चहाचं खोकं हलवतो. मनापासून आभार.

पळसफूल

नागपूरकरांची उलटी पंचाईत. एप्रिल-मेमध्ये आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते. माझी चकती इतकी कोरडी झाली की चहाला वासच राहिला नाही.

उंबरठा

कोरडेपणाने चहा बिघडत नाही, झोपतो. तो बंद पिशवीत, वर लिहिलेल्या पुडीबरोबर काही महिने ठेवा, वास परत येतो. तुमच्याकडे विदर्भात पावसाळा सोडला तर वर्षभर पिशवी बंदच ठेवलेली बरी. बुरशीची भीती तुम्हाला आमच्यापेक्षा खूप कमी, ही जमेची बाजू.

सांजवेळ

एका संकेतस्थळावर 'अस्सल १९७५ चा ७५४२' अशी चकती दिसतेय. महाग आहे, पण एवढा जुना चहा या किमतीत म्हणजे स्वस्तच म्हणायचा. घ्यावी का? वेष्टनावर मधोमध हिरवं चिनी अक्षर आणि भोवती लाल अक्षरांचं वर्तुळ आहे, जुन्या फोटोंमध्ये दिसतं तसंच.

उंबरठा

नका घेऊ. आणि ही जाहिरात खोटी आहे हे वेष्टन न उघडता सांगता येतं.

७५४२ हा उत्पादनाचा साल नाही. सरकारी कारखान्यांच्या काळात निर्यातीसाठी प्रत्येक मिश्रणाला चार आकडे दिले गेले. पहिले दोन आकडे ते मिश्रण कधी ठरलं ते साल सांगतात, इथे १९७५. तिसरा आकडा पानाची प्रत : आकडा जितका लहान तितकं पान कोवळं, इथे ४. चौथा आकडा कारखाना : १ खुनमिंग, २ मेंगहाई, ३ श्यागुआन, ४ पुएर. म्हणजे ७५४२ हे मेंगहाई कारखान्याचं १९७५ साली ठरलेलं, मध्यम कोवळ्या पानाचं मिश्रण. ते आजही बनतं. गेल्या वर्षी दाबलेल्या चकतीवरही ७५४२ च असतं. त्याच रीतीने ७५७२ हा मेंगहाईचा शोऊ, ७५८१ ही खुनमिंगची शोऊ वीट, ८६५३ ही श्यागुआनची लोखंडासारखी कडक चकती. हे चार आकडे वाचता आले की निम्मी फसवणूक तिथल्या तिथे कळते.

वेष्टनावर विसंबू नका. तुम्ही वर्णन केलेलं चिन्ह सरकारी कंपनीचं : मधे 'छा' म्हणजे चहा आणि भोवती आठ वेळा 'झोंग'. ते कित्येक दशकं जवळजवळ तसंच छापलं जात होतं, आणि तो कागद आज कुणालाही छापता येतो. त्यापेक्षा चकतीत दाबताना आत घातलेला छोटा कागद, नेईफेई, बघा. तो पानांत रुतलेला असतो, नंतर घालता येत नाही. तरी तोही सुरुवातीपासून खोटा घालून चकती दाबणारे आहेतच, म्हणून शेवटी पान आणि चव. खरा जुना शंग भिजल्यावर पान तपकिरी होतं पण लवचिक राहतं, बोटांत चोळलं तर कातडीसारखं ताणतं. घाईने ओल देऊन 'जुना' केलेला माल काळा पडतो आणि चोळल्यावर चिखल होतो.

सांजवेळ

वाचवलंत. मग एवढ्या किमती कुणामुळे वाढल्या? मी कुठेतरी लिलावाची बातमी वाचली होती.

खाडीपलीकडे

लिलाव इथे होतात. १९४९ च्या आधी खाजगी पेढ्यांनी दाबलेल्या चकत्या, सोंगपिन हाओ, थोंगछिंग हाओ वगैरे, आणि १९५० च्या दशकातला 'लाल शिक्का', यांचे आकडे लाखो हाँगकाँग डॉलरमध्ये जातात. विकत घेणारे त्यातले किती पितात देव जाणे, पण त्या बातम्यांनी खालच्या बाजारातही सगळ्यांना 'ठेवला तर वाढेल' असं वाटायला लागलं. २००६-०७ मध्ये चीनमध्ये लोकांनी शेअर घ्यावेत तसा पुएर घेतला. ज्यांनी कधी चहा प्यायला नव्हता त्यांनी पेट्याच्या पेट्या भरल्या. २००७ च्या उन्हाळ्यापर्यंत भाव कोसळला आणि डोंगरातल्या शेतकऱ्यांपासून दुकानदारांपर्यंत खूप जण बुडाले.

उंबरठा

आणि शेतकऱ्यांचं नुकसान दोनदा झालं. भाव चढत असताना जास्त माल हवा म्हणून काही ठिकाणी झाडं प्रमाणाबाहेर खुडली गेली, आणि नंतर घेणारं कुणी नव्हतं.

आता तोच प्रकार 'गुशू', म्हणजे शंभर वर्षांच्या पुढच्या झाडांच्या चहाबाबत होतोय. बुलांग डोंगरातलं लाओबानझांग आणि लिनचांगकडचं बिंगदाओ ही दोन गावं सगळ्यांत महाग. त्या गावांत पिकतो त्याच्या कितीतरी पट चहा त्यांच्या नावावर विकला जातो. आपण भारतात बसून 'लाओबानझांग' असं छापलेली स्वस्त चकती घेतली तर ती तिथली नसणार, इतकं साधं आहे.

जुनी झाडं बघायची तर चिंगमाई डोंगराबद्दल वाचा. २०२३ मध्ये युनेस्कोने तिथल्या चहाच्या जंगलांना जागतिक वारसा ठरवलं. तिथे मळा नाही, जंगल आहे. वर मोठे वृक्ष, त्यांच्या सावलीत चहाची झाडं, त्यांच्या फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किड, आणि खाली ब्लांग आणि ताई लोकांची गावं. ब्लांगांचा पूर्वज पा आइलेंग याची दंतकथा सांगतात : गुरं ठेवली तर रोगराईत मरतील, सोनं ठेवलं तर खर्चून जाईल, म्हणून मी मुलांना चहाची झाडं ठेवून जातो. तिथली माणसं आजही वसंतात खुडणीच्या आधी त्याची पूजा करतात.

जुनीवही

युन्नानच्या चहाचा आपल्या देशाशी एक जुना संबंध आहे, तो इथे नोंदवून ठेवतो. तिबेटला चहा जायचा तो घोड्या-खेचरांच्या वाटेने, डोंगर ओलांडत, हे बहुतेकांना माहीत असतं. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फोहाईच्या (आजचं मेंगहाई) व्यापाऱ्यांनी दुसरी वाट धरली. चहा ब्रह्मदेशात केंगतुंगला, तिथून पुढे रंगूनला, जहाजाने कलकत्त्याला, रेल्वेने सिलिगुडी, मग कालिम्पाँग, आणि तिथून खेचरांवर ल्हासाला. नकाशावर हा प्रचंड वळसा आहे, पण रेल्वे आणि आगबोटीमुळे वेळही वाचायचा आणि पैसाही. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला आणि ही वाट तुटली. कालिम्पाँगच्या बाजारात तिबेटी व्यापारी, मारवाडी पेढ्या आणि चिनी चहा एकत्र असण्याचं एक कारण हे.

लोहितकाठ

हे वाचून राहवलं नाही. आसामात मार्गेरिटाच्या बाजूला सिंगफो लोक 'फालाप' करतात. पान कढईत परततात, उन्हात वाळवतात, ओल्या बांबूच्या नळीत ठासून भरतात आणि ती नळी चुलीवरच्या मचाणावर धुरात ठेवतात. वर्षानुवर्षं राहते. प्यायची वेळ आली की बांबू सोलायचा, आत काळीभोर कांडी असते, तिचा सुरीने काप काढायचा. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला आसामचा चहा दाखवणारे हेच सिंगफो. म्हणजे मळे यायच्या कितीतरी आधी इथे मुरवलेला चहा होता. चव पुएरपेक्षा धुरकट, पण दोन्हींचा हात एकच आहे हे पहिल्या घोटाला कळतं. चीनहून मागवण्याची यातायात नको असेल तर इथून सुरुवात करा, पैसाही आपल्याच माणसांकडे जाईल.

उंबरठा

शंभर टक्के सहमत. फालाप नव्या शंगपेक्षा जास्त लोकांना आवडेल असं मला वाटतं. दाबण्याची, मुरवण्याची ही सगळी पद्धत डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या लोकांची आहे, आणि आपण फक्त चीनकडून शिकतो याचं वाईट वाटतं.

गवतीपात

वजन कमी होतं, कोलेस्टेरॉल उतरतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यात तथ्य किती?

उंबरठा

त्यासाठी पिऊ नका. यात कॅफिन असतं, रात्री झोप येत नसेल तर संध्याकाळी टाळा, आणि रक्त पातळ होण्याचं किंवा हृदयाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. एक खबरदारी मात्र खरी आहे : तिबेटकडे जाणाऱ्या स्वस्त विटा जून पानांच्या असतात आणि त्यात फ्लोराइड खूप असतं. तो चहा दिवसभर पिणाऱ्या लोकांमध्ये हाडं-दातांचा आजार आढळला आहे. चांगल्या पानाचा पुएर दिवसाला थोडा पिणाऱ्याला तशी काळजी नाही.

पळसफूल

करायचा कसा ते राहिलंच. मी आपला नेहमीसारखा पाच मिनिटं उकळला, कडू जहर झाला. दूध घातलं तर चालतं का?

उंबरठा

कच्चा शंग उकळला तर तसाच होणार. छोटं भांडं घ्या, साधारण १०० मिलिलिटरचं, झाकणाची चिनी वाटी नसेल तर कुठलाही छोटा चिनीमातीचा पेला आणि बारीक गाळणं पुरे. सहा-सात ग्रॅम चहा. पाणी खळखळून उकळलेलं हवं. पहिलं पाणी ओतून लगेच टाकून द्या, शोऊ असेल तर दोनदा. मग पुन्हा पाणी, दहा सेकंद, गाळा, प्या. पुढच्या प्रत्येक वेळी थोडा जास्त वेळ. एवढ्याच पानांत आठ-दहा वेळा सहज चहा होतो, चांगला असेल तर त्याहून जास्त. तिसऱ्या-चौथ्या वाटीला त्याची खरी चव येते, म्हणून पहिल्या वाटीवर मत ठरवू नका.

शोऊ पातेल्यात उकळला तरी चालतो, त्यात कडवटपणा फारसा नसतो. दुधाचं म्हणाल तर तिबेटी लोक लोणी आणि मीठ घालून पितातच. शोऊ घट्ट उकळून थोडं दूध घातलं तर चांगला लागतो. शंगमध्ये मात्र नको, तुरटपणा आणि दूध एकमेकांना धरत नाहीत.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी अख्खी चकती घेऊ नये. दोन-तीन प्रकारचे २५ ग्रॅमचे नमुने किंवा १०० ग्रॅमची छोटी चकती घ्या. आधी तीन-चार वर्षं जुना शोऊ, मग दहाएक वर्षांचा, कुठे ठेवला ते माहीत असलेला शंग. नवा शंग सगळ्यांत शेवटी.

केशरमाड

एक शेवटचं. पिकलेली चकती हाताने तुटत नाही. सुरी लावली तर चुराच जास्त झाला. आणि मुलगी म्हणते पुढच्या वेळी ती श्यागुआनची कडक वाली पाठवणार आहे.

उंबरठा

काका, वरून दाबू नका. चकतीच्या कडेला पानांचे थर दिसतात, त्यांच्या समांतर बाजूने टोकदार सळई घालायची. चहाची खास सळई मिळते, नसेल तर जाड दाभण चालतं. थोडी आत गेली की हलकेच वर उचला, मग शेजारी पुन्हा. कडेने असं फिरत गेलं की थर पापुद्र्यासारखे सुटतात आणि पान अख्खं राहतं. दुसरा हात कायम सळईच्या मागे ठेवा, निसटली की सरळ तळहातात जाते.

श्यागुआनची कडक चकती यंत्राच्या दाबाने केलेली असते, मागे खळगा नसतो, बारीक उंचवट्यांची नक्षी असते. तिच्यात सळई शिरता शिरत नाही. ती टेबलावर फडक्यात उभी धरून कडेलाच सुरुवात करा आणि एका बैठकीत सगळी फोडायचा हट्ट नको. वाफ देऊन मऊ करतात काही जण, पण मग ती पूर्ण वाळवावी लागते आणि रत्नागिरीत पावसाळा तोंडावर असताना ते करू नका. फोडताना जो चुरा पडेल तो वेगळ्या डबीत भरून ठेवा, पातेल्यात उकळायला तोच बरा.